त्यांचं हॅगिस, आमची वजडी

लिहायचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात सहीच्या पुढं कुणी काही लिहिलेलं नाही. शब्द इकडंतिकडं झाले तर सांभाळून घ्या. पण हे आत ठेवून राहवत नाही.

नीरजदादानं गॅसवरचं माझं पातेलं उचललं, दार उघडलं आणि पातेलं बाहेर जिन्यात ठेवलं. साबण लावून हात धुतले. मग म्हणाला, "संतपूर इथं आणायचं नाही. चांगल्या घरची पोरं राहतात इथं."

टेबलाभोवतीची पोरं हसली. एक म्हणाला, "बघ बघ, मेंढरं पण आणली असतील खोलीत."

पातेल्यात वजडी होती. मेंढीच्या पोटाची, आई करते तशी. आम्ही धनगर. आजोबापर्यंत कळप होता. अप्पा आता दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढतो. नीरजदादाचे वडील आमच्या गावचे, संतपूरचे, हेडमास्तर. स्कॉटलंडला शिकायला आलो ते त्यांच्याच शब्दावर, आणि राहिलो त्यांच्या मुलासोबत.

वजडी केली ती आदल्या दिवसामुळं. वर्गातला एवन आम्हा सगळ्यांना रग्बी बघायला घेऊन गेला होता. मी कधी पाहिली नव्हती. दोन्हीकडची पोरं डोकी खाली घालून, खांदे भिडवून एकमेकांना रेटतात. मला एडक्यांची टक्कर आठवली. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. सामना संपला आणि चिखलानं माखलेली ती दोन्ही टोळकी एकाच टेबलाला जेवायला बसली. आम्हालाही बसवलं. ताटात हॅगिस आलं. मेंढीचं काळीज, फुप्फुस बारीक करून, ओटचं पीठ घालून मेंढीच्याच पोटात शिजवलेलं. पहिल्या घासाला मला भरून आलं. हे तर आमचंच. नीरजदादानं पुन्हा वाढून घेतलं. एवनच्या वडिलांना इंग्रजीत म्हणाला, तुम्ही परंपरा किती जपलीय. फोटो काढून घरी पाठवला.

मला वाटलं, तिथं आवडलं तर माझ्या हातचंही आवडेल. एवढीच माझी समज. खाटकाकडून पोट आणलं, गरम पाण्यात बुडवून खरवडलं, सकाळभर धुतलं.

"दादा, काल तुम्ही हेच खाल्लं की."

"ते त्यांचं कल्चर आहे. तुझं काय आहे रे?"

मला गावातला हेडमास्तरांचा ओटा आठवला.  खुर्ची रिकामी असली तरी मी खाली बसायचो. कुणी सांगितलेलंही नसायचं.

"पातेलं तुम्ही बाहेर ठेवलंय. तुम्हीच आत आणा."

"काय म्हणालास?"

"आणा म्हणालो."

त्यानं आणलं नाही. मीच आणलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि खायला बसलो. एकेक जण उठून गेला. त्यानंतर मी त्याला दादा म्हणालो नाही. महिनाअखेर ते घर सोडलं.

तेव्हापासून घरी फोन केला की अप्पा तब्येत विचारायचा आणि फोन अक्काकडं द्यायचा. का, ते कळत नव्हतं. परवा अक्कानं सांगितलं. हेडमास्तरांनी अप्पाला बोलावून घेतलं होतं. "पोरगं माजलंय तुझं," म्हणाले. ओट्यावर गावची माणसं बसलेली. अप्पानं पटका काढून हेडमास्तरांच्या पायावर ठेवला आणि माफी मागितली.

मी अक्काला सांगून अप्पाला फोनवर बोलावलं.

"अप्पा, कामून गेलाव तुमी?"

"तू तिकडं हाईस. आमाला हितंच ऱ्हायचंय न्हवं."

"माझं चुकलं का?"

 "न्हाई."

सुट्टीत गावी जाणार आहे. हेडमास्तरांच्या दारात, ती माणसं बसलेली असताना, अप्पाची माफी परत घेणार आहे. अप्पा आला तर त्याच्यासोबत. नाही आला तर एकटा.