रूट नाइनने, पिलार मावशींच्या बालपणीच्या मासिकांकडे

गाडी चालवणं सोडल्यापासून आमच्या शेजारच्या, मूळच्या स्पेनच्या पिलार मावशी कुठे जायचं नावच काढत नाहीत. त्या दिवशी मात्र कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "माझ्या लहानपणीची मासिकं एका कॉलेजच्या लायब्ररीत मांडलीयेत. नेशील?" मी बाकीचे प्लॅन कॅन्सल केले. शनिवारी सकाळी मावशी, माझी बारा वर्षांची इरा आणि मी श्रूजबरीहून निघालो.

हायवेने लवकर पोचता येतं, पण हातात वेळ असेल तर रूट नाइनच घ्या. वुस्टर मागे पडलं की दोन्हीकडे लालबुंद मेपल आणि मधूनच सफरचंदांचे स्टॉल. डायनरमध्ये पॅनकेक खाल्ले, तरी डब्यातले निम्मे पोहे मावशींनीच संपवले. मी त्यांना नागपूरचे रविवार सांगत होते. विहारातून परतताना बाबा मुलांचं मासिक आणायचे आणि आम्ही बहिणी डोक्याला डोकं लावून एकदमच वाचायचो.

"आमचं गुरुवारी यायचं," मावशी म्हणाल्या. "त्या शाईचा वास अजून नाकात आहे."

लायब्ररीत प्रवेश फुकट, शनिवारी पार्किंगही. रविवारी मात्र बंद असते. काचेखाली होती स्पेनमधल्या हुकूमशाहीत मुलींसाठी निघालेली मासिकं: गुलाबी गालांच्या मुली, कापून खेळायच्या बाहुल्या, भरतकामाचे नमुने. मावशींचा चेहरा उजळला. एका पानावरचं गाणं त्या चक्क गायलाच लागल्या. आवाज थरथरत होता, शब्द एकही अडला नाही.

"व्हॉट डज इट मीन?" इराने विचारलं.

"दादा सैनिक होणार, मी त्याच्या शर्टाला इस्त्री करणार. त्यातच माझा आनंद."

"वॉज इट ट्रू?"

"गणितात मी भावाच्या पुढे होते. तो इंजिनिअर झाला, मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. कुणी जबरदस्ती केली नाही. चित्रातली मुलगी हसत होती, म्हणून मीही हसत हसत सोडली."

"सो यू हेट इट?"

"नाही ग. तीच तर पंचाईत आहे. मला ते अजूनही आवडतं."

परतीच्या वाटेवर इराने हट्टच धरला, गाणं शिकवा. मावशी म्हणाल्या, "चाल शिकवते. शब्द नाही."

झाडांचे फोटो सगळे फोनमध्ये आहेत, ते अजून उघडलेलेही नाहीत. पण इरा होमवर्क करताना ती चाल गुणगुणते, नुसतं ला ला ला. परवा खिडकी उघडी होती. पलीकडच्या अंगणातून मावशींनी तिच्या सुरात सूर मिसळला. त्याही नुसतं ला ला लाच म्हणत होत्या.