बाबांची वांडाल चिल्लर

आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडात, रीडिंग गावी आली ती पर्समध्ये बाबांची डबी घेऊन. आत अकरा नाणी, शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढी. पाचव्या शतकात वांडाल टोळ्यांनी उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज जिंकलं, तिथली ही कांस्याची चिल्लर. बाबांनी ती लंडनला गेलेल्या मित्राकडून हौसेने मागवली होती. "मित्राने गळ्यात मारली बरं का, दादा!" असं काका त्यांना शेवटपर्यंत चिडवायचे. बाबा गेले, पण आईला ते बोलणं अजून टोचतं.

"खरी आहेत का, एवढंच कळू दे मला," ती म्हणाली. मग काय, शुक्रवारी रजा टाकली.

रीडिंगहून एलिझाबेथ लाइनची ट्रेन थेट लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडला सोडते. सकाळची गर्दी टाळलीत तर तिकीटही स्वस्त. पुढे जुनी नाणी मांडलेलं मोठं म्युझियम चालत, आणि प्रवेश फुकट. फक्त बॅगा तपासायची रांग लांबलचक. आमच्या दशम्या सुखरूप आत गेल्या.

नाण्यांच्या दालनात वांडालांची दोनच नाणी सापडली, काळपट हिरवी. आई काचेला नाक लावून म्हणाली, "ह्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही वाटतं."

समोरच्या गल्लीत जुन्या नाण्यांचं दुकान आहे. म्हाताऱ्या मालकाने भिंगाखाली एकेक नाणं धरलं. "जेन्युइन. कार्थेज, नो डाउट." आईचा चेहरा असा फुलला! मग तो हळहळला, "बट समवन हॅज स्क्रब्ड देम. अगेन अँड अगेन. व्हॉट अ शेम."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खरी आहेत म्हणाला."

"आणि स्क्रब? तेवढं इंग्लिश येतं मला."

सांगावंच लागलं. म्युझियममधल्या नाण्यांवरचा तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. नाण्याचं वय त्यातच असतं, आणि एकदा गेला की गेला. दर दिवाळीला आई पूजेच्या भांड्यांबरोबर ही नाणीही चिंचेने घासायची.

जवळच्या रसेल स्क्वेअर बागेतल्या बाकावर दशम्या तशाच राहिल्या.

"ह्यांना माहीत असणारच गं," आई म्हणाली. "एवढी पुस्तकं वाचायचे. पहिल्या वर्षी घासून समोर ठेवली, तर नुसते बघत राहिले. मग म्हणाले, काय लखलखतायत! पुढच्या दिवाळीपासून चिंच स्वतः भिजत घालायचे."

मला बाबांची फार आठवण आली.

घरी पोचताच आईने काकांना फोन लावला. "भाऊजी, खरी आहेत! लंडनच्या माणसाने सांगितलं."

"मग वहिनी, चांगली किंमत येईल की!"

"छे हो," आई चक्क मिरवत म्हणाली, "मी घासून वाट लावली सगळ्यांची. आणि ह्यांनी लावू दिली."