आग्नेसबाय आणि मशीनची खालची बाजू

कपडा कितीही भारी असो, आग्नेसबाय तो आधी उलटा करायची. आमची पहिली भेट अशीच झाली. हौसेने घेतलेला कुर्ता खांद्यावर सैल होत होता, म्हणून कोणीतरी मला तिचं घर सांगितलं. तुळिंजहून निघून नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, केळीच्या वाडीतलं ते कौलारू घर शोधेपर्यंत माझा घाम निघाला. तिने पाणी विचारायच्या आधी कुर्ता उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "वरून कोनीही फसवील, पोरी. उलटं करून बघायला शिक." मी बँकेत नोकरी करते, लोकांची कागदपत्रं तपासण्यात माझा जन्म गेलाय. मला चांगलाच राग आला. पण आत खरोखरच दोरे लोंबत होते, त्यामुळे तो गिळावा लागला.

सगळा गाव तिला बाय म्हणायचा आणि अगं-तुगं करायचा. मीही करू लागले. ती मला 'ऑफिसवाली' म्हणायची. लग्न तिने केलं नव्हतं, पण गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या हातचे झगे घालून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेल्या होत्या. एकदा तर देवळाच्या पायरीवर, फादर वाट बघत असताना, तिने वाकून एका नवरीच्या झग्याची किनार उलटली होती. झगा बाहेरून शिवून आणलेला होता. "चालंल," असं म्हणून तिने किनार सोडली, तेव्हा कुठे नवरीच्या आईच्या जिवात जीव आला.

हे सगळं शिवणकाम ज्या मशीनवर झालं ती काळी, पायाने चालवायची, सोनेरी अक्षरांची मशीन म्हणजे बायचा जीव. तिची आई तिला जन्म देताना गेली. आईचा फोटो नाही, साडी नाही, काही नाही. बापाने वर्षभराने दुसरं लग्न केलं. आत्याने मात्र बायला लहानपणी सांगून ठेवलं होतं, "ही मशीन तुझ्या आयने आंदन आनली." तेवढ्या एका वाक्यावर बाय ऐंशी वर्षं जगली. रोज सकाळी मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, झाल्यावर ती मशीनला तेल घालायची आणि काम नसलं तरी फडक्याच्या एका तुकड्यावर दोन टाके मारायची.

मागच्या वर्षी ते घर पाडून इमारत बांधायचं ठरलं. जागेचं सगळं गोडीगुलाबीने मिटलं. भांडण लागलं ते मशीनवरून. बायची सावत्र बहीण हिल्डा आपल्या मुलाला, सायमनला घेऊन आली आणि म्हणाली, "बाय, मशीन माझ्या आईची आहे. तिच्या आंदणातली. ती मरेपर्यंत हेच सांगायची." सायमनला ती नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, वर काच बसवून टेबल म्हणून हवी होती. कोणत्या तरी इंटिरियरवाल्याने तसं डोक्यात भरवलं होतं.

बाय ताडकन उठली. "माझ्या आयच्या उरावर फुलदानी ठेवनार तुम्ही?"

सायमन वाईट मुलगा नव्हता, पण त्याच्या हातात मोबाईल होता. त्याने मशीनवरचा नंबर टिपला, सोनेरी नावाच्या त्या जगप्रसिद्ध कंपनीची यादी उघडली आणि म्हणाला, "मावशी, चिडू नको ना. हे बघ, नंबर टाकला की इयर येतं. तुझी आई गेली, त्याच्या नंतरची आहे ही मशीन. म्हणजे माझ्या आजीचीच झाली ना?"

मी दिवाळीचा ब्लाऊज घ्यायला आले होते आणि दारातच अडकले होते. बाय खाली बसली. भांडली नाही, रडली नाही. तिने फक्त मशीनवर ठेवलेला हात काढून मांडीवर घेतला, दुसऱ्याच्या वस्तूवरून घ्यावा तसा. मला ते बघवेना. सायमन म्हणाला की रविवारी मिस्सा झाल्यावर टेम्पो घेऊन येतो, आणि मायलेक निघून गेले.

"खरं असंल त्याचं?" तिने मला विचारलं. मला काय माहीत? मशीन माझ्या सात पिढ्यांत कोणी चालवली नाही. पण तिच्या तोंडाकडे बघून मी म्हणाले, "बाय, तूच सांगतेस ना, उलटं करून बघावं? मग बघूया."

आम्ही मशीनचं डोकं मागे कलंडवलं. खाली वर्षानुवर्षांचं तेल आणि सुताचा भुगा यांचा काळा थर साचला होता. मी रॉकेलचा बोळा घेऊन घासत सुटले. लोखंडातच ओतलेली उठावाची अक्षरं वर आली. जर्मन भाषेतली, आणि भलत्याच नावाची.

"ती होय!" बाय म्हणाली. "तेल घालताना रोज बोटाला लागते. मला नक्षी वाटायची."

"मग वरचं सोनेरी नाव कुठून आलं?"

बायने सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि तिला आठवलं. ती तरुण असताना खाऱ्या वाऱ्याने मशीन गंजली होती. तिने ती बाजारातल्या कारागिराकडून रंगवून घेतली. जुनं नाव कधीच उडालं होतं. त्याने विचारलं, कोणत्या कंपनीचं लावू? "मी त्याच कंपनीचं सांगितलं," ती म्हणाली. "आमाला काय ठाऊक, दुसरी कंपनी असते म्हनून? मशीन म्हंजे तीच!" मग तिने कपाळावर हात मारला. आयुष्यभर लोकांच्या शिवणी उलटून बघणाऱ्या बाईने स्वतःच्या मशीनला वरून खोटं नाव चिकटवलं होतं, आणि त्याच नावाने आता तिची आई हिरावून घेतली होती.

मी खालच्या अक्षरांचे फोटो काढले आणि जुन्या मशीनींच्या परदेशी शौकिनांच्या इंटरनेटवरच्या एका गटात टाकले. उत्तर येईना. शनिवार गेला. ऑफिसात मी चारचौघांत चिडले, घरी नवऱ्यावर ओरडले, आणि दर थोड्या वेळाने मोबाईल बघत राहिले. एवढं मी स्वतःच्या बदलीच्या ऑर्डरसाठी सुद्धा झुरले नव्हते.

रविवारी मी बायकडे पोचले तेव्हा टेम्पो दारात उभा होता. सायमन दोरखंड सोडवत होता. हिल्डा ओट्यावर, तोंड फिरवून बसली होती. बाय मिस्साच्या साडीतच मशीनला टेकून उभी होती. आणि तेव्हाच उत्तर आलं.

मी तिला आत, मोरीपाशी नेलं आणि हलक्या आवाजात वाचून दाखवलं. तो जर्मन कारखाना पहिल्या महायुद्धात बंद पडला होता. पुन्हा कधी शिलाई मशीन त्याने बनवली नाही.

"म्हंजे?"

"म्हणजे सायमनने नंबर भलत्याच कंपनीच्या यादीत बघितला. त्याचं साल साफ चुकीचं. तुझी आई या घरात आली त्याच्या कितीतरी आधीची मशीन आहे ही. बाय, बाहेर एवढंच सांगूया. मशीन तुझी राहील."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. हिशेबात ती कच्ची नव्हती. "माझा बाप तर त्या लढाईनंतर जन्मला. म्हंजे त्याच्याही आधीची?"

मी मोबाईल बंद केला. मोरीत नळ ठिबकत होता. बाहेरून सायमनने हाक मारली, "मावशी, उचलू का?"

"हो," मी शेवटी म्हणाले. "आंदणात एवढी जुनी मशीन कोणी देत नाही. बहुतेक तुझ्या आजीची असेल. बापाच्या आईची. पण हे त्यांना कशाला..."

"उलटं केलंस ना? मग दिसलं ते सगळं सांगायचं. अर्धं नाय."

मला तिचा भयंकर राग आला. हातातला घास ही बाई स्वतः टाकून देत होती. पण ती ओट्यावर गेली, हिल्डासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मशीन तुझ्या आयची नाय. माझ्या पन आयची नाय. मोठ्या आयची हाय, आपल्या बापाच्या आयची, त्याच्या जन्माआधीची. दोघी आल्या तवा ती इथंच होती."

हिल्डाचा चेहरा उतरला. तिच्यासाठी हे मला वाटलं त्याहून मोठं होतं. "मग माझी आई खोटं बोलली? मरेपर्यंत?"

बाय तिच्या शेजारी बसली. "नाय गं. दुसऱ्याच्या घरात आलेल्या बाईला एक तरी वस्तू आपली लागते. तुझी आय तर दुसरेपनावर आली. सगळं घर माझ्या आयचं असनार तिला. मशीन तिने आपली मानली. आनी माझे सगळे फ्रॉक तिने ह्याच मशीनवर शिवले. ते मी कधी बोलले नाय तुला." मग ती म्हणाली, "मला एवढंच पायजे होतं की माझ्या आयचा हात लागलाय का. घरात होती, म्हंजे लागला असंल."

सायमन दोरखंड हातात घेऊन नुसताच उभा होता. बायने त्याला सांगितलं, "ने. पन काच बसवायची नाय. हिल्डा चालवील. हिल्डा, येतं तुला?"

"बाय, मला साधी उशीची खोळ पण येत नाही."

"शिकवते. उसवायची तयारी ठेव."

टेम्पो वळणाआड गेल्यावर ती मशीनच्या रिकाम्या जागेवर स्टूल ओढून बसली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही. मी चहा केला.

त्यानंतर ती दर आठवड्याला हिल्डाकडे जाऊन तिला उसवायला लावायची, हे मी दोघींकडून तक्रारीच्या सुरात ऐकत होते. यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ संपायच्या आधीच बाय गेली. देवळात पोचले तेव्हा तिची शवपेटी उघडी होती. डोक्याखाली पांढऱ्या साटिनची, लेस लावलेली छोटी उशी होती. बाहेरून सुरेख होती. मी पुढे वाकले आणि काही कळायच्या आत तिची कड हलकेच उलटली. शिवण सरळ, दाट, घट्ट होती. फक्त एका कोपऱ्यात घसरली होती.

हिल्डा माझ्या बाजूलाच उभी होती. आग्नेसबायच्या समोर अर्धं सांगणं मला जमेना. "कोपऱ्यात वाकडी गेलीय," मी म्हणाले.

"माहीत आहे," हिल्डा म्हणाली. "तिथं रडू आलं मला. मग उसवली नाही."