मान्सफेल्डचा टालर

देऊळगाव राजातल्या रमाकांत डबीरांचं गावात कुणाशीच पटलं नाही. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांचे टालर, एवढंच त्यांचं जग उरलं. टालर म्हणजे युरोपातल्या सरदारांनी आणि राजांनी आपापल्या टांकसाळीत पाडलेली चांदीची जाडजूड नाणी. पहिलं नाणं त्यांना धाडच्या बाजारात एका जुन्या माळेत ओवलेलं सापडलं. विकणारी त्याला राणीछाप म्हणत होती. राणी होती खरी, पण ऑस्ट्रियाची. बाजारात दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही, याचाच डबीरांना जास्त आनंद झाला.

जिल्ह्यात टालर ओळखणारे आपण एकटेच, ही त्यांची खात्री मोडली प्रसेनजित इंगळे यांनी. इंगळे सर लोणारला इतिहास शिकवायचे. त्यांच्याकडे नाणी अवघी सात, पण अभ्यास पक्का. खेड्यातल्या बौद्ध घरातून आलेला मास्तर आपल्या तारखा दुरुस्त करतो, हे डबीरांना सलत होतं. सर दिसले की ते नाण्यांचा डबा मिटून घेत.

गेल्या हिवाळ्यात बुलढाण्यात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. डबीरांनी मधोमध मांडला जर्मनीतल्या मान्सफेल्डच्या सरदाराचा टालर. घोड्यावर संत जॉर्ज, टापांखाली लोळवलेला ड्रॅगन. इंगळे सरांनी विचारून तो हातात घेतला, कड उजेडात फिरवली आणि हळूच सांगितलं, की कडेला साच्याची रेघ घासलेली दिसते. खरं नाणं ठशाने ठोकून पाडतात, हे ओतीव असावं, एकदा वजन करून बघा.

शेजारच्या दोघांनी ते ऐकलं. डबीरांच्या डोक्यात सणक गेली.

"तुमच्या घरात चांदी आली कधी, इंगळे, की तुम्हाला तिची पारख असावी?"

सरांनी नाणं जागेवर ठेवलं आणि ते निघून गेले.

ही गोष्ट डबीरांच्या आधी घरी पोचली. बायकोने, स्नेहलताबाईंनी ताट वाढलं. "त्यांनी नाण्याचं सांगितलं, तुम्ही त्यांची जात काढली," एवढं बोलून त्या उठल्या. त्या दिवसापासून घरात कामापुरतंच बोलणं राहिलं.

डबीरांनी सोनाराकडे वजन केलं. अठ्ठावीस ग्रॅमच्या पुढे हवं होतं, भरलं तेवीस. आत कथील निघालं. ते नाणं विकून फसवणाऱ्या दलालापेक्षा बरोबर ठरलेल्या मास्तराचाच त्यांना जास्त राग आला. तरी आपल्याला कळलंच नाही असं त्या माणसाने समजावं, हेही सहन होईना. आठ दिवसांनी ते लोणारच्या एसटीत बसले.

दार सरांच्या बायकोने, रेणुकाबाईंनी उघडलं. नाव ऐकून त्यांनी 'या' म्हटलं नाही. सर उंबऱ्यापर्यंत आले.

"टालर खोटा निघाला," डबीर म्हणाले. "तुमचं बरोबर होतं."

"ते मले तवाच माहीत होतं. नाण्याचं झालं. बोलल्याचं काय?"

डबीरांच्या ओठांवर शब्द आला होता. पण या माणसापुढे वाकायचं, या विचारानेच मान ताठ झाली.

"रागात निघतं माणसाच्या तोंडून."

"राग कुठून आणंन ते? आंधीच आत असते," सर म्हणाले आणि त्यांनी दार लावलं.

परतीच्या वाटेवर डबीर मनात त्यांना एकाहून एक कडू उत्तरं देत राहिले. माफीचं एकही वाक्य त्यांत नव्हतं. यंदा प्रदर्शनाच्या परीक्षकांत इंगळे सरांचं नाव आलं. डबीरांनी नाणी पाठवली नाहीत. कारण विचारायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातूनच हाकलून दिलं.