चाळीस फग

माझ्या बापाच्या होडीत ब्याण्णव फग आहेत, हे मला भर सभेत, माईकवर, माझ्याच तोंडाने वाचून दाखवावं लागलं. वहीत एकतीस होड्यांची यादी होती, प्रत्येकीपुढे फगांचा आकडा होता, आणि सगळ्यांत मोठा आकडा आमच्या होडीपुढे. समाजमंदिर गच्च भरलं होतं. मग मागच्या रांगेतून शेजारचे काका म्हणाले, "मॅडम, परत वाचा. इथे ऐकू नाय आलं."

त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. मी परत वाचलं. बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. ते उठले, चपला घातल्या आणि चहा न घेता घरी गेले.

फग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. परातीएवढी लोखंडी कडी, तिला खोलगट जाळं, मधे बांधलेला कोंबडीच्या आतड्यांचा नाहीतर मुशी माशाच्या तुकड्याचा घास, वर दोरी, आणि दोरीला तरंगायला थर्माकोल किंवा रिकामी बाटली. भरती चढायला लागली की तिवरांच्या कडेकडेने एकेक फग पाण्यात सोडत जायचं. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, खायला येते. ती खात असतानाच फग झटक्यात वर ओढायचा. त्याला झाकण नाही, दार नाही. खाऊन झालं की चिंबोरी आली तशी निघून जाते. एवढंच सगळं यंत्र. याच यंत्राच्या जिवावर मी बी.एस्सी. झाले.

हे मी सगळ्यांना सांगते, त्यात लाजायचं काय? आमचा कोळीवाडा बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावर. बाबा चौथी शिकलेले, आय शाळेत गेलीच नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. प्राणिशास्त्र. आता अंधेरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. तिथे फॉर्मॅलिनच्या बाटलीत एक चिंबोरी ठेवलेली आहे. मुलं तिची चित्रं काढतात. मी पहिल्याच दिवशी बाटली उचलून पाहिली आणि म्हटलं, ही पोकळ आहे, आत मांस नाही, आमच्या घरी हिचा रस्सासुद्धा केला नसता. सर हसले, पण तेव्हापासून खेकड्यांचं प्रॅक्टिकल असलं की मलाच बोलावतात.

शिकलेली आहे, लिहील ती, म्हणून मच्छीमारांच्या समितीने मला सेक्रेटरी केलं. तोवर वहीत फक्त कोणी नारळ आणले आणि कोणी मंडप घातला, एवढंच असायचं.

फगांचा प्रश्न आयने काढला. चिंबोऱ्या विकायला नेण्याआधी त्यांच्या नांग्या सुतळीने बांधायचं काम तिचं. एका दुपारी तिने टोपलीतली एक चिंबोरी उचलून बाबांसमोर धरली. "ही काय हाय? बटण हाय हे. हिला सुतळी जास्त आन चिंबोरी कमी. गिऱ्हाईक विचारतं, बाय, ही मोठी कधी होनार? मी काय सांगू?"

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी दहा फग वाढवले की बाबा पंधरा वाढवायचे. बाबांनी वाढवले की काका वीस. दोघे एका वर्गात नापास झालेले मित्र, त्यामुळे कोणी थांबेना. बाकीचेही मग मागे का राहतील? खाडीच्या तोंडाशी इतक्या बाटल्या तरंगायच्या की वाटावं, कोणाचं तरी लग्न आटोपून वऱ्हाड नुकतंच गेलं. खाडी तेवढीच, पण फगांवर फग. मोठ्या चिंबोऱ्या संपल्या आणि लहान मोठ्या व्हायच्या आधीच टोपलीत यायला लागल्या.

सभेत मी प्रस्ताव मांडला, प्रत्येक होडीला चाळीस फग. चाळीसच का, असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आजोबांच्या होडीत चाळीस असायचे आणि चिंबोरी परातीएवढी. हे मला बाबांनी सांगितलंय, रोज जेवताना." तोवर बाबा निघून गेले होते. पण गोष्ट त्यांचीच होती आणि ती सगळ्या कोळीवाड्याने ऐकलेली होती. हात वर झाले. ठराव पास.

घरी बाबा माझ्याशी बोलेनात. बोलायचंच असलं तर आयच्या मार्फत.

"सेक्रेटरीबाईंना विचार, भात किती घ्यायचा? त्यालाबी लिमिट हाय काय?"

"तुमीच विचारा, समोर बसलीय ती," आय म्हणायची आणि दोघांच्या ताटांत भात वाढून मोकळी व्हायची.

त्यांचा राग कळत होता मला. खाडीवर ब्याण्णव फगांचा माणूस म्हणजे काहीतरी होता. पण मलाही एक गोष्ट पक्की कळत होती. बाबा चाळीसवर आले नाहीत तर कोणीच येणार नाही, आणि माझा ठराव नारळांच्या यादीशेजारी तसाच पडून राहील.

आठवड्याभरात वेगळीच गंमत सुरू झाली. कोळीवाड्यातल्या मेलेल्या होड्या जिवंत व्हायला लागल्या. काकांच्या परसातल्या होडीत कित्येक वर्षं कोंबड्या राहत होत्या. त्या एका सकाळी बाहेर रस्त्यावर आल्या आणि काका होडी खरवडायला बसले. गल्लीच्या टोकाला एका होडीत अळू लावलेला होता. तो उपटून घरोघर वाटला गेला, दोन दिवस सगळीकडे फतफतं. मी वही घेऊन फिरले तर एकतीस होड्यांच्या चव्वेचाळीस झालेल्या.

"काका, ही पाण्यात तरंगेल का?"

"तरंगायचं कुठे लिवलंय, मॅडम? प्रत्येक होडीला चाळीस, एवढंच लिवलंय. तुमचं अक्षर छान हाय, सगळं वाचता येतं."

चूक माझी होती. कॉलेजात प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची व्हायची तसली चूक, मुलं काय उत्तर शोधतील याचा विचारच न करता प्रश्न घालायचा. हसावं की रडावं, मला कळेना. घरी आले तर अंगणात बाबा. आजोबांची उपडी पडलेली होडी त्यांनी सरळ केली होती आणि तिच्या भेगांत डांबर भरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण शिट्टी वाजवत होते.

त्यानंतरच्या सुट्टीला मी सकाळी बाबांच्या होडीत जाऊन बसले.

"उतर."

"नाही उतरत."

"काम करायचंय मना."

"करा ना. मी बसते."

ओहोटी संपून पाणी वळायला लागलं होतं. थांबून चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी होडी काढली. तिवरांच्या कडेने ते एकेक फग सोडत गेले. मी मोबाईलवर वेळ लावली. ब्याण्णव फग सोडून, पहिल्यापासून एकेक ओढत शेवटाला पोचायला त्यांना एक तास दहा मिनिटं लागली. मग दुसरी फेरी. पहिला फग वर आला. जाळं रिकामं, आणि घाससुद्धा गायब. दुसरा तसाच. तिसऱ्यात आतड्याचा एक दोरा लोंबत होता. सहाव्यात एक चिंबोरी होती, तीही बटणच.

"बाबा," मी म्हटलं, "आपण येईपर्यंत सगळ्यांची जेवणं उरकलीत. आपण पकडत नाही आहोत, पंगत घालतोय."

त्यांनी तोंड फिरवलं. पण मी त्यांची मुलगी आहे, त्यांचे खांदे हसताना कसे हलतात ते मला ठाऊक आहे.

मग ते स्वतःहून बोलले, सरळ माझ्याशी. आयशिवाय. "दुसरी होडी तयार झाली की ऐंशी फग कायद्यात बसतात. तूच लिवलंस."

"आणि दुसरी होडी ओढणार कोण?"

"होडी काय फग ओढते? मी ओढतो."

"परत सांगा."

"काय परत सांगू? मी ओढतो, मी. हे बघ हात." त्यांनी दोरीने घासून काळे पडलेले तळवे माझ्यापुढे धरले.

मी वही काढली आणि तिथेच, डुलत्या होडीत, वेडंवाकडं लिहून घेतलं.

पुढच्या सभेत जुना ठराव मी स्वतःच मागे घेतला आणि नवा वाचला. होडी मोजायची नाही. घरही मोजायचं नाही, नाहीतर उद्या सख्खे भाऊ ओट्यावर दुसरा गॅस मांडून वेगळे निघतील. मोजायचा फक्त ओढणारा माणूस. जो स्वतः ओढील त्याचे फग, तेही जास्तीत जास्त चाळीस.

"मना हात दोन," काका म्हणाले. "मग माझे ऐंशी?"

सगळे हसले. मीही हसले. मग काका उभे राहिले आणि हसू थांबलं. "मॅडम, तुमचा नियम चांगला हाय. मी मानतो. पन आधी तुमच्या बापाला बावन्न फग काढू दे. मग आमी."

सगळ्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. मी वहीत बघत राहिले. वर बघायची हिंमत नव्हती.

बाबा उठले. या वेळी चपला न घालता ते पुढे आले, टेबलाशी. "लिव माझे चाळीस," म्हणाले. मी लिहिलं. मग ते म्हणाले, "आता दुसरा ओढनारा लिव. त्याचे चाळीस."

"कोण?"

"तू."

समाजमंदिरात एकच गलका झाला. "मॅडम ओढनार?" काकांनी मांडीवर थाप मारली. "मॅडमनी चिंबोरी बाटलीत बघितलेली!"

"जो ओढील त्याचे," बाबा शांतपणे म्हणाले. "नियम हाय ना?"

ब्याण्णवातले ऐंशी वाचवायचा त्यांचा बेत होता, आणि तोही माझ्याच हाताने लिहून. मी चाळीस लिहिले असते तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक घराने ऑफिसात बसणारा एकेक मुलगा ओढणारा म्हणून आणला असता. आणि नाही म्हटलं असतं, तर नुकतेच सगळ्यांसमोर चाळीसवर आलेले माझे बाबा सगळ्यांसमोर पडले असते.

"रविवारी ओढते," मी म्हटलं. "तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत जेवढे ओढीन तेवढेच लिहीन. काका, तुम्ही साक्षीला या."

रविवारी भरती सकाळची होती. आयने माझ्या हातांना जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळून दिल्या. बाबा मागे वल्ह्यावर बसले, दोरीला हात लावायचा नाही असं ठरलेलं. काकांची होडी वीस हातांवर. काकी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांच्यासाठी हे नाटकच होतं.

पहिल्या फेरीत मी पंचवीस ओढले आणि मला वाटलं, काय एवढं? दुसऱ्या फेरीत अठराला खांदे बोलायला लागले. चिखलपाण्याने भरलेली कडी खालून झटक्यात उचलायची असते. हळू ओढली की चिंबोरी कडेवरून उतरून चालती होते, अगदी तुमच्याकडे बघत. तिसऱ्या फेरीत बाराव्या फगाला माझी बोटं मिटेनात.

"मॅडम, चहा देऊ का?" काकी ओरडल्या.

बाबांनी मान खाली घालून, वल्हं मारता मारता, हळूच म्हटलं, "वीस लिव. एवढ्या तरंगत्या बाटल्यांत त्याला तिकडून काय मोजता येतंय?"

मी पट्ट्या सोडल्या, वही मांडीवर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बारा."

बाबांनी वल्हं होडीत ठेवलं. मला वाटलं, पुन्हा आयच्या मार्फत बोलणं सुरू. पण ते पलीकडच्या होडीकडे वळून ओरडले, "ऐकला काय रे? बारा! चाळीस लिवता आले असते हिला, आपली वही, आपला पेन. बारा लिवले हिने!"

"ऐकला," काका म्हणाले. "मी बहिरा नाय."

त्या संध्याकाळी काकांनी स्वतः येऊन आपले चाळीस लिहून घेतले. त्यांच्या कोंबड्या पुन्हा होडीत राहायला गेल्या. कोणाच्या मुलाचे आठ नोंदवले, कोणाच्या सुनेचे पंधरा, आणि गल्लीतल्या एका निवृत्त आजोबांनी हट्टाने पाच. आमचे उरलेले चाळीस फग माझ्या आजोबांच्या अर्ध्या डांबरलेल्या होडीत रचून ठेवलेत. चिंबोरी अजून परातीएवढी झालेली नाही, पण बटणं कमी झाली. चाळीस फगांची फेरी अर्ध्या तासात होते, पंगत उठायच्या आत बाबा पोचतात. आय म्हणते सुतळी कमी लागते. तिचं प्रमाणपत्र मिळालं की मला दुसरं नको.

रविवारी मी माझे बारा ओढायला जाते. सोमवारी कॉलेजात हात दुखतात, मुलं विचारतात, मी सांगते.

गेल्या रविवारी बाबांच्यातला एक, माझा तेरावा, ओढला. बाबा म्हणाले, "लिव तेरा." मी म्हटलं, सभेत मंजूर झाल्याशिवाय नाही.

"हिला एवढी शिकवली कोनी?" त्यांनी खाडीला विचारलं.

"तुम्हीच," मी म्हटलं, आणि रिकामाच वर आलेला तेरावा फग परत पाण्यात सोडला.