नकारांची वही

वीस वर्षं वर्गात शिकवलं, पण सांगण्यासारखे किस्से बोटांवर मोजण्याइतकेच जमले. मग विद्यापीठाने उद्योजकता कक्ष माझ्या गळ्यात घातला आणि सगळंच बदललं! आता कट्ट्यावर बसलो की मित्रच म्हणतात, "आधी याला बोलू द्या, नाहीतर हा चहा गार करतो."

आम्हाला खोली मिळाली ती जुन्या उत्तरपत्रिकांची. गठ्ठे हलवले, रंग दिला आणि एकच नियम केला. कल्पना घेऊन येईल त्याला आधी कोरी वही द्यायची. त्याने दहा जणांचे नकार आणायचे, नाव आणि कारणासकट. वही भरली की मगच आम्ही त्याचं ऐकणार. शिवाय वर्षभर धंदा करून पाहणाऱ्याला पुढच्या वर्षीही कॅम्पस मुलाखतींना बसता येईल, हे मी वरून मंजूर करून घेतलं.

*

पहिल्याच बॅचने विचारलं, "सर, तुमची वही कुठंय?"

मग काय, मुलांनी बनवलेल्या कापडी पिशव्या विकायला मी गुलमंडीच्या बाजारात गेलो. एका दुकानदाराला गिऱ्हाइकाची गरज, बाजारपेठ, ब्रँड असं अर्धा तास समजावलं. त्यांनी चहा पाजला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, बात बराबर है. मगर माल किधर है?"

पिशव्या मी कक्षातच विसरलो होतो. नव्या मुलांना मी आजही आधी माझीच वही दाखवतो.

*

एक पठ्ठ्या एका दुपारीच दहा नकार घेऊन हजर. मी कारणं वाचली. पाच जणांपुढे लिहिलं होतं, "दुकान बंद होतं."

विचारलं, तर म्हणतो, "सर, पन त्यांनी घेतलं तर नाय ना?" मुद्दा खोडता येईना, म्हणून नुसतं परत पाठवलं.

*

पाचोडच्या गणेशची तऱ्हा उलटी. मोसंबी न आपटता झाडावरून उतरवायची झेलणी त्याने बनवली होती. बारा झेलण्या घेऊन आठवडी बाजाराला गेला आणि रडवेलं तोंड करून परत आला. सगळ्या विकल्या गेल्या होत्या!

"सर, नाय म्हनायला कुनी तयारच नाय. वही कशी भरू?"

त्याच्यासाठी नियम वाकवला. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. पैठणच्या रस्त्याला कुणाच्या बागेत ती झेलणी दिसली की मी गाडी थांबवून सोबतच्याला सांगतो, हा आमचा पोरगा.

*

आणि आमची प्रज्ञा, बजाजनगरची. वडील वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला, घरातली ही पहिली इंजिनिअर. कारखान्यात बायकांनाही पुरुषांच्या मापाचे हातमोजे मिळतात, बोटं सैल राहतात आणि पकड सुटते, हे तिने पाहिलं होतं. बायकांच्या मापाचे हातमोजे शिवायचे म्हणून तिने कॅम्पसमधून मिळालेली नोकरी सोडली.

तिच्या वहीत पहिलंच नाव वडिलांचं होतं. कारण: "लई कष्टानं शिकवलं. नोकरी कर." तिने खूप विनवल्यावर त्यांनी एक वर्ष दिलं. तेवढ्यात जमलं नाही तर मुकाट्याने नोकरी धरायची.

बाकीचे नऊ नकार तिला कारखान्यांच्या गेटवर मिळाले. दहा महिने असेच गेले आणि आम्हीही धास्तावलो. मग एका खरेदी अधिकाऱ्यासमोर तिने तिथल्याच एका कामगार बाईंना हातमोजा घालायला दिला. बाईंनी टेबलावरचा बारीक स्क्रू सहज उचलला आणि म्हणाल्या, "साहेब, ह्यो मी काढनार नाय आता." तीच पहिली ऑर्डर. आज प्रज्ञाकडे नऊ बायका कामाला आहेत, आणि त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते हे मी कुणापासून लपवत नाही.

*

मागच्या महिन्यात तिचे वडील कक्षात आले. नुकतेच रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, पेढे घेऊन आले असतील. हात तर रिकामे.

"सर, एक कोरी वही द्या."

"कोणासाठी?"

"मलाच पायजे."

वही दिली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोरच पहिली ओळ भरली.

नाव: प्रज्ञा. कारण: "काम मागितलं. म्हनली, पप्पा, आधी दहा नकार आना."