शवासनात आठवलेलं पाटाचं पाणी

मंडळी, आज सकाळी सांडोरच्या आमच्या योगवर्गात शवासनात पडलो होतो. बाई म्हणाल्या, "फक्त श्वासाकडे लक्ष द्या." माझं लक्ष बायकोच्या रिपोर्टकडे. तो संध्याकाळी यायचाय आणि मी मनात तिचं ऑपरेशनही उरकून मोकळा झालो होतो.

"श्वास आला, गेला. आता पुढचा," बाई म्हणाल्या. मला एकदम आमच्या वाडीतला पाट आठवला.

पंचावन्न साल असेल, मी दहा वर्षांचा. बैल रहाट ओढायचा, विहिरीचं पाणी पाटाने पानवेलींना जायचं. मी फावडं घेऊन उभा. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. त्या दिवशी डोक्यात गणिताचा पेपर होता. वाफा भरून वाहायला लागला तरी मला पत्ता नाही. पाणी साचलं की पानवेल मुळातून कुजते.

बाबा धावत आले. वाटलं, आता मार बसणार. त्यांनी बांध फोडून पाणी काढलं आणि फावडं परत माझ्याच हातात दिलं.

"पेपर उद्या आहे. पाणी आत्ता आहे. पाण्याकडे बघ."

आज शवासनात तेवढंच केलं. एक श्वास, मग पुढचा. भीती गेली नाही, पण वाफा भरून वाहिला नाही.

रिपोर्टला अजून चार तास आहेत. अशी वाट बघताना तुम्ही काय करता, लिहा. मी नंतर वाचेन. समोर वालाच्या शेंगांची टोपली आहे आणि ही म्हणतेय, "आधी फोन ठेवा, शेंगा सोला."

ठेवतो.